कचेऱ्यांचा परिसर आखताना: गाडी लांब, माणूस जवळ

नकाशावर पहिली रेघ कंपाउंडची मारू नका. आधी गाडी कुठवर येऊ शकेल ते ठरवा. 1995 साली ओक्लाहोमा सिटीत स्फोटकांनी भरलेला ट्रक नऊ मजली सरकारी इमारतीच्या दर्शनी खांबांपासून जेमतेम साडेचार मीटरवर उभा होता. खालचे खांब गेले, त्यांच्यावर तोललेली तुळई तुटली आणि इमारतीचा पुढचा भाग वरपासून खालपर्यंत कोसळला. 168 माणसं गेली. स्फोटाचा दाब अंतरासोबत झपाट्याने उतरतो, म्हणून जाड भिंतीआधी अंतर मिळवा. शक्य तिथे 30 मीटर ठेवा आणि इमारतीखाली सार्वजनिक पार्किंग देऊच नका.

जागा अपुरी असेल तर गाडीचा वेग कमी करायला लावा. गाडीचा वेग निम्मा झाला की धडकेचा जोर चौथाईवर येतो. फाटकासमोर सरळ रस्ता सोडू नका, वळण घाला. मग अडथळाही हलका चालतो.

बोलार्ड म्हणजे गाडी अडवणारे बुटके खांब. त्यांतल्या दोन खांबांमधली मोकळी जागा 1.2 मीटरपेक्षा जास्त नको, नाहीतर छोटी मोटार घुसते. 90 सेंटिमीटरपेक्षा कमीही नको, व्हीलचेअर अडकते. नुसता फरशीत रोवलेला खांब धडकेने उपटून येतो. पाये जमिनीखाली सळ्यांनी एकमेकांना बांधलेले हवेत. खणण्याआधी पाण्याची लाइन आणि केबल शोधा. बहुतेक ठिकाणी घोटाळा इथेच होतो: मध्येच केबल लागते, तेवढे दोन खांब राहून जातात आणि ती फट भरायला मोठी कुंडी ठेवतात. जमिनीला न जखडलेली कुंडी ट्रकपुढे सरकते, त्या ओळीला मग अर्थ उरत नाही. अशा जागी कमी खोलीच्या पायाचे बोलार्ड वापरा.

अडथळा अडथळ्यासारखा दिसायलाच हवा असं नाही. वॉशिंग्टन स्मारकाभोवती 2005 साली ग्रॅनाइटच्या बुटक्या, वळणदार भिंती बांधल्या. त्या ट्रक अडवतात आणि लोक त्यांच्यावर बसतात. आपल्याकडे झाडाचा पार हेच काम करील, फक्त आत काँक्रीट नीट भरा.

आता माणसांचं. सेतू केंद्र, नकला, मुद्रांक, अर्ज स्वीकारण्याच्या खिडक्या तळमजल्यावर, तपासणीच्या अलीकडे ठेवा. सातबाऱ्यासाठी आलेल्या म्हातारीची पिशवी कशाला उपसायची? तपासणी जिन्यापाशी आणि लिफ्टपाशी करा. तिथली रांग फुटपाथवर जाता कामा नये. उघड्यावर दाटलेली रांग हेच सोपं लक्ष्य असतं. रांगेला आत छप्पर, पंखे आणि पाणी द्या. खिडक्यांना लॅमिनेटेड, म्हणजे मध्ये प्लास्टिकचा थर असलेली, काच लावा. स्फोटात बरेच जण उडालेल्या काचांनी जखमी होतात, आणि ही काच फुटली तरी थराला चिकटून राहते.

अग्निशमन गाडीसाठी फाटक किमान 6 मीटर रुंद हवं, वर कमान असेल तर खाली साडेचार मीटर उंची मोकळी हवी. काढता येणाऱ्या बोलार्डची किल्ली चोवीस तास पहाऱ्यावर असलेल्या माणसाकडेच ठेवा. काँक्रीट ओतण्याआधी सगळ्या खांबांच्या जागी शंकू मांडा, पालिकेचा बंब आत आणून वळवून पाहा, आणि एका व्हीलचेअरवाल्याला रस्त्यापासून खिडकीपर्यंत एकट्याने जायला सांगा. जिथे तो थांबला, तिथली रेघ पुसून पुन्हा आखा.