वस्तीच्या महोत्सवात गोंडी कथा, बाना आणि लेखकवाचन

देवगडचे गोंड राजे बख्त बुलंद शाह यांनी १७०२ मध्ये वसवलेल्या नागपुरात वस्तीचा महोत्सव भरवताना गोंडी परंपरेला उद्घाटनाच्या नृत्यापुरते ठेवू नये. कथनासाठी किमान पाऊण तास राखावा. गोंडांच्या देवांच्या आणि वंशांच्या गाथा परंपरेने परधान, म्हणजे गोंडांचे पारंपरिक गाथागायक, गातात आणि त्यांना साथ असते ती गोंडांचा मुख्य देव बडादेव याच्याशी जोडलेल्या, गजाने वाजणाऱ्या, तीन तारांच्या बाना या वाद्याची; म्हणून कथा आणि संगीत असे दोन वेगळे कार्यक्रम आखू नयेत. कोणती गाथा मंचावर सांगण्याजोगी आहे, हे कलावंतांनाच विचारावे, आणि मानधन, प्रवासखर्च व चित्रीकरणाची परवानगी लेखी ठरवावी. बानासाठी स्वतंत्र माईक द्यावा. ढोल शेवटी घ्यावा, कारण तो एकदा घुमला की तारांचा नाजूक स्वर ऐकण्याइतके कान शांत होत नाहीत.

गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा असल्याने मराठी श्रोत्याला ती अंदाजाने उमगत नाही. यासाठी प्रत्येक प्रसंगानंतर दोन-तीन वाक्यांत सार सांगणारा, शक्यतो त्याच समाजातील दुभाषी बसवावा. पडद्यावर भाषांतर दाखवण्याचा मोह टाळावा, अन्यथा लोक पडदाच वाचत बसतात.

लेखकवाचनाला पंधरा मिनिटे पुरेत; मूळ गोंडी मजकूर आधी, मराठी अनुवाद नंतर. डिसेंबरातील थंडी आणि रात्री १० नंतरची ध्वनिक्षेपकबंदी लक्षात घेऊन कार्यक्रम सायंकाळी सहालाच सुरू करावा.