क्लोन केलेल्या एसएसडीवरून लॅपटॉप सुरू होत नसेल तर

सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत दुकानांत किंवा विश्रामबागेतील कर सल्लागारांच्या कार्यालयांत हिशेबाचा लॅपटॉप मंदावला, की जुनी हार्ड डिस्क क्लोन करून (म्हणजे तिची हुबेहूब प्रत काढून) तिच्या जागी एसएसडी हा वेगवान ड्राइव्ह बसवण्याचा सल्ला दिला जातो आणि तो योग्यच आहे. मात्र क्लोननंतर विंडोज उघडलेच नाही, तर घाईने ते नव्याने टाकू नये. बहुतेक वेळा हिशेबाची माहिती नव्या ड्राइव्हवर शाबूत असते. लॅपटॉपला विंडोज कोठे आहे हे सांगणाऱ्या बूट फाइल्स तेवढ्या बिघडलेल्या असतात. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवावी आणि दुरुस्ती संपेपर्यंत ती पुसू नये.

प्रथम बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या लॅपटॉपच्या मूळ सेटिंग्जमध्ये, नवा ड्राइव्ह दिसतो का, ते पाहावे. दिसत नसेल तर तो नीट बसलेला नाही, किंवा फक्त साटा (जुनी जोडणी पद्धत) चालणाऱ्या एम.२ खाचेत (पट्टीसारख्या एसएसडीच्या जागेत) एनव्हीएमई (नव्या, वेगवान पद्धतीचा) ड्राइव्ह घातलेला आहे. बिटलॉकर (ड्राइव्हवरील माहिती कुलूपबंद ठेवणारी विंडोजची सोय) चालू असेल, तर बायोसमधील काहीही बदलण्यापूर्वी त्याची ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी असायलाच हवी. ती पुष्कळदा मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते.

ड्राइव्ह दिसूनही ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश येत असेल, तर बूटची पद्धत तपासावी. लॅपटॉप सुरू होण्याच्या नव्या पद्धतीला यूईएफआय आणि जुन्या पद्धतीला लेगसी म्हणतात; जीपीटी आणि एमबीआर या डिस्कवरील विभागांची नोंद ठेवण्याच्या रचना आहेत. विंडोजला यूईएफआय पद्धतीसाठी जीपीटी आणि लेगसी पद्धतीसाठी एमबीआर रचनेची डिस्क लागते. जुन्या एमबीआर डिस्कचा क्लोन सहसा एमबीआरच राहतो, म्हणून त्यासाठी लेगसी पर्याय निवडावा. तो पर्याय नसलेल्या लॅपटॉपवर विंडोज १० च्या १७०३ आवृत्तीपासून मिळणारे ‘एमबीआर-टू-जीपीटी’ हे साधन माहिती न पुसता रचना बदलते. मात्र आधी त्याची ‘व्हॅलिडेट’ तपासणी यशस्वी झाली पाहिजे.

पद्धत जुळत असूनही विंडोज उघडत नसेल, तर बूट फाइल्स नव्याने लिहाव्यात. दुसऱ्या संगणकावर किमान ८ जीबीच्या रिकाम्या पेनड्राइव्हमध्ये विंडोजचे इन्स्टॉलेशन माध्यम तयार करून त्यावरून लॅपटॉप सुरू करावा आणि पहिल्याच पडद्यावर शिफ्ट व एफ१० दाबून कमांड प्रॉम्प्ट उघडावा. ‘डिस्कपार्ट’ या डिस्कचे विभाग हाताळणाऱ्या साधनामध्ये ‘लिस्ट व्हॉल्यूम’ दिल्यावर दिसणारी यादी शांतपणे वाचावी, कारण येथे विंडोजच्या भागाला ‘सी’ हेच अक्षर मिळेल असे नाही आणि बहुतेक चुका याच ठिकाणी होतात. जीपीटी रचनेच्या एसएसडीवरील फॅट३२ या फाइल साठवण्याच्या प्रकारचा, साधारण १०० एमबीच्या आसपासचा लहान भाग निवडून त्याला ‘एस’ अक्षर द्यावे (पेनड्राइव्हही फॅट३२ असू शकतो, म्हणून आकार पाहावा) आणि ‘एक्झिट’ने बाहेर पडावे. त्यानंतर बूट फाइल्स लिहिणाऱ्या ‘बीसीडीबूट’ आज्ञेत विंडोज फोल्डरचा पत्ता, मग ‘/एस’ पुढे ‘एस:’ आणि ‘/एफ’ पुढे ‘यूईएफआय’ हे सर्व इंग्रजी अक्षरांत टंकावे. जीपीटी डिस्कवर तो लहान भागच नसेल, तर क्लोन करताना तो वगळला गेला आहे. अशा वेळी सर्व विभागांसह पुन्हा क्लोन करणेच मला अधिक खात्रीचे वाटते.

निळ्या पडद्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’ दिसल्यास बूट फाइल्सना हात लावू नये. तेथे स्टोरेजचा ड्रायव्हर लागू झालेला नसतो. साट्यावरून एनव्हीएमईवर गेल्यास किंवा बायोसमधील एएचसीआय व रेड (ड्राइव्हशी बोलण्याच्या दोन पद्धती) यांतील निवड बदलल्यास हे घडते. निवड पूर्ववत करून पाहावी. तरीही अडले तर रिकव्हरीतील स्टार्टअप सेटिंग्जमधून एकदा सेफ मोडमध्ये विंडोज उघडावे, म्हणजे बहुधा योग्य ड्रायव्हर लागू होतो.

लॅपटॉप सुरू झाल्यावर जुनी डिस्क बाहेरून जोडली, तर दोन्हींची ओळखखूण सारखी असल्यामुळे विंडोज ती ऑफलाइन (वापरासाठी बंद) ठेवू शकते. तिला ऑनलाइन केल्यास तिची खूण बदलते आणि पुढे ती स्वतः बूट होण्यात अडथळा येऊ शकतो. म्हणून राखीव बूट डिस्क म्हणून ठेवायची असल्यास तिला ऑनलाइन करू नये.