जुना पिकअप घरच्या गॅरेजमध्ये: नव्याने हात घालणाऱ्यांसाठी

डेट्रॉइटच्या परिसरात मोटार उद्योगात नोकरी करणारे मराठी अभियंते पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या काहींना इथे स्थिरावल्यावर एखादा जुना अमेरिकन पिकअप ट्रक घेऊन तो घरीच दुरुस्त करण्याची हुक्की येते. माझ्याकडे १९६९ सालचा फोर्ड एफ-१०० आहे आणि तो मी घराला लागून असलेल्या गॅरेजमध्येच सांभाळतो. या छंदाबद्दल विचारणाऱ्यांना जे सांगतो तेच इथे सविस्तर लिहीत आहे. पुढील तपशील १९६७ ते १९७२ या काळातील एफ-१०० चे आहेत. त्याच काळातल्या शेव्हर्ले किंवा डॉज पिकअपला मापे वेगळी लागतील, पण कामाचा क्रम बहुतेक तोच राहील.

हा क्रमच नवख्या माणसाला कळलेला नसतो. गाडी घरी आली की पहिल्याच उत्साहात केबिन, इंजिन, बोनेट सगळे सुटे करून ‘नव्यासारखी’ करण्याचा बेत आखला जातो, आणि वर्षभराने तीच गाडी ‘सर्व भाग खोक्यांत व्यवस्थित भरलेले आहेत’ अशा जाहिरातीसह विकायला निघते. माझे स्पष्ट मत असे आहे की पहिली दोन-तीन वर्षे गाडी चालती ठेवून एका वेळी एकच यंत्रणा उघडावी, ती पूर्ण करून गाडी रस्त्यावर न्यावी आणि मगच पुढच्या यंत्रणेला हात लावावा. ब्रेक, इंधन आणि इग्निशन (ठिणगी पाडणारी यंत्रणा) या तीन गोष्टी याच क्रमाने घ्याव्यात. रंग सर्वांत शेवटी.

खरेदी करताना इंजिनाकडे नव्हे, पत्र्याकडे बघावे. इंजिनाचा प्रत्येक भाग आजही मिळतो, परंतु कुजलेली केबिन पुन्हा उभी करायला पत्रेकाम आणि वेल्डिंग सराईतपणे येणारा माणूस लागतो आणि त्याचा खर्च गाडीच्या किमतीला सहज मागे टाकतो. मिशिगनमध्ये हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, त्यामुळे इथे आयुष्य काढलेल्या गाड्यांची हाडे पोखरलेली असतात. ॲरिझोना किंवा न्यू मेक्सिकोसारख्या कोरड्या प्रदेशातून आलेल्या गाडीचा रंग उडालेला आणि सीट फाटलेली असली तरी ती मला अधिक पसंत पडते. केबिनचे मागचे खालचे कोपरे, दाराखालची पट्टी, पायाखालचा पत्रा आणि केबिन जिथे चेसिसवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बसते ते पुढचे टेकू या ठिकाणी हाताने दाबून पाहावे. साधे लोहचुंबक कापडात गुंडाळून फिरवावे. जिथे ते धरत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे असे समजावे. विंडशील्डच्या खालच्या जाळीतून आत गेलेले पावसाचे पाणी नेमके कुठे मुरते हे पाहण्यासाठी डॅशबोर्डखाली टॉर्च घेऊन आडवे व्हावेच लागते. विकणाऱ्यासमोर असे लोळायला संकोच वाटतो, पण तो बाजूला ठेवावा.

गाडीचा नंबर वाचता आला तर निम्मी माहिती तिथेच मिळते. त्या काळी सतरा अक्षरांचा नंबर नव्हता. तो १९८१ पासून आला. माझ्या गाडीसारख्या ट्रकवर अकरा अक्षरे असतात. सुरुवातीचे ‘एफ१०’ म्हणजे दोन चाकांना ताकद देणारा एफ-१००, आणि त्यानंतरचे अक्षर इंजिनाचे. ‘ए’ म्हणजे २४० घन इंचांचे सहा सिलिंडर, ‘बी’ म्हणजे ३०० घन इंचांचे सहा सिलिंडर, ‘वाय’ म्हणजे ३६० घन इंचांचे व्ही-८, अर्थात आठ सिलिंडर. पन्नास वर्षांत इंजिने बदलली जातात, म्हणून हे अक्षर आणि प्रत्यक्ष बोनेटखाली दिसणारे इंजिन जुळते का हे पाहूनच भागांची मागणी नोंदवावी.

नवख्याने शक्यतो सहा सिलिंडरचे इंजिन असलेली गाडी घ्यावी, असे मी आवर्जून सांगतो. ३०० घन इंचांचे, म्हणजे ४.९ लिटरचे हे इंजिन फोर्डने १९६५ पासून १९९६ पर्यंत बनवले, इतके ते टिकाऊ निघाले. त्यात झडपांची वेळ सांभाळणारी टायमिंगची चेन नाही, दातेरी चाकांवर काम चालते. व्ही-८ चा आवाज भारदस्त असतो हे मान्य, पण सरळ सहाच्या दोन्ही बाजूंना इतकी मोकळी जागा असते की बोनेट उघडून माणूस जवळजवळ आत उभा राहू शकतो, आणि शिकणाऱ्याला आवाजापेक्षा जागा जास्त उपयोगी पडते.

हत्यारांत एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या गाडीचे नट-बोल्ट इंचांच्या मापाचे आहेत. पुण्याहून आणलेला मिलिमीटरचा पान्यांचा संच जवळपास बसल्यासारखा वाटतो, आणि तसा बसवून जोर लावला की बोल्टचे डोके गोल होते. ७/१६, १/२, ९/१६ आणि ३/४ इंचांचे पाने सर्वाधिक लागतात. गंजलेल्या बोल्टवर आदल्या रात्री भेदक तेल सोडून ठेवावे आणि दुसऱ्या दिवशी हातोडीने हलके ठोके मारून मगच पाना लावावा. गाडीखाली शिरण्याआधी ती सपाट काँक्रीटवर असावी, जमिनीवरच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी गुटके लावावेत आणि चेसिसखाली किमान तीन टनांचे स्टँड असावेत. जॅक हे उचलण्याचे साधन आहे, धरून ठेवण्याचे नव्हे. या बाबतीत सवलत नाही.

आता ब्रेक. या पिढीच्या, दोनच चाकांना ताकद देणाऱ्या एफ-१०० ला चारही चाकांवर ड्रम ब्रेक असतात. त्यांत जोखमीची बाब अशी की पेडल हाताला, म्हणजे पायाला, ठीक लागले तरी आतली अवस्था वेगळी असू शकते. १९६७ पासून मास्टर सिलिंडरमध्ये, म्हणजे पेडलचा दाब ब्रेकच्या तेलाला देणाऱ्या भागात, पुढच्या व मागच्या ब्रेकसाठी वेगळे कप्पे आले. त्याआधीच्या गाड्यांत एकच कप्पा असल्याने एक नळी फुटली की सगळेच ब्रेक जातात. १९६६ किंवा त्याआधीची गाडी घेतली असेल तर दोन कप्प्यांचा सिलिंडर बसवणे हे माझ्या मते पहिले काम आहे.

ड्रम निघत नाही, ही नवख्याची ठरलेली तक्रार असते, आणि हातोडीने ठोकत राहणे हा त्यावरचा ठरलेला चुकीचा उपाय. ड्रमच्या आतल्या कडेला झिजेने एक ओठ तयार झालेला असतो आणि ब्रेक शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारे अर्धगोल भाग, त्यात अडकतात. ड्रममागच्या पत्र्यावर एक लांबट भोक असते, त्यावरचे रबरी बूच काढावे. आत दातेरी चाकाचा समायोजक दिसतो. मात्र तो आपोआप घट्ट होणारा असल्याने एक बारीक पट्टी त्याच्या दातात टेकलेली असते. एका पातळ स्क्रू ड्रायव्हरने ती पट्टी दूर धरायची आणि दुसऱ्याने ते दातेरी चाक उलटे फिरवायचे, तेव्हा शू आत सरकतात आणि ड्रम सुटतो. पट्टी दूर न करता फिरवल्यास दाते घासून जातात. डाव्या आणि उजव्या समायोजकांचे आटे उलट दिशांचे असतात, म्हणून दोन्ही चाके एकदम उघडू नयेत. एक बाजू जोडून झाल्यावर दुसरी उघडावी, म्हणजे समोर कायम एक जोडलेला नमुना राहतो. प्रत्येक चाकावरच्या दोन शूंपैकी ज्याचे अस्तर आखूड असते तो पुढच्या बाजूला बसतो आणि लांब अस्तराचा मागे. हे उलटे झाले तर ब्रेक लागतो, पण हवा तसा लागत नाही.

ड्रममधली धूळ फुंकून किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने कधीही उडवू नये, कारण जुन्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ब्रेक क्लीनरने ओली करून ती खाली ठेवलेल्या ट्रेमध्ये उतरवावी. रबरी नळ्या बाहेरून धडधाकट दिसतात, परंतु आतून फुगून बंद होतात. ब्रेक सोडल्यावरही एखादे चाक धरून राहत असेल किंवा गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी ती नळी बदलावी. लोखंडी नळ्या गंजल्या असतील तर तांबे-निकेलच्या मिश्रधातूची नळी वापरावी, ती हाताने वळते आणि कुजत नाही. तिची टोके मात्र दुहेरी दुमडलेलीच हवीत. ब्रेकच्या तेलातली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचे चाक आधी घ्यावे, म्हणजे उजवे मागचे, डावे मागचे, उजवे पुढचे आणि शेवटी डावे पुढचे.

इंधनाचे काम त्या मानाने सोपे आहे, पण त्यात एक गोष्ट आजच्या माणसाला अचंबित करते. या गाडीची पेट्रोलची टाकी केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे उभी असते. केबिनला पेट्रोलचा वास येत असेल तर ‘जुनी गाडी आहे, यायचाच’ म्हणून सोडून देऊ नये. टाकीचे तोंड आणि केबिनचा पत्रा यांमधले रबर आणि हवेच्या बारीक नळ्या तपासून बदलाव्यात. इथल्या पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये सर्वसाधारणपणे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही, म्हणून सर्व रबरी नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या नव्या नळ्यांनी बदलाव्यात.

गाडी अडखळली की सगळे कार्ब्युरेटरकडे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाकडे, बोट दाखवतात आणि तो उघडून बसतात. बहुतेक वेळा हा प्रकार आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला असा असतो. दोष असतो इग्निशनमध्ये. कार्ब्युरेटर उघडण्याआधी एक तपासणी करावी. इंजिन बंद ठेवून एअर फिल्टर काढावा, हवेच्या वाटेवरची चोकची पट्टी उघडून धरावी आणि हाताने ॲक्सिलरेटरची दांडी हलवावी. आत पेट्रोलची बारीक, सरळ धार उडाली तर इंधन तिथवर पोहोचत आहे आणि ती धार सोडणारा कार्ब्युरेटरमधला पंप काम करतो आहे. धार उडाली तर कार्ब्युरेटर तूर्त सोडून द्यावा आणि डिस्ट्रिब्युटरचे, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाचे, झाकण काढावे.

झाकणाखाली पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे विजेचे संपर्क, दिसतात. दीर्घकाळ उभ्या राहिलेल्या गाडीच्या पॉइंटवर बारीक थर जमतो आणि त्यामुळेच ठिणगी पडत नाही. त्या फटीतून जाड कोरा कागद दोन-तीनदा ओढला तरी कैक गाड्या चालू होतात. कायमच्या उपायासाठी नवे पॉइंट आणि कंडेन्सर घालावेत. पॉइंट पूर्ण उघडलेले असताना, म्हणजे त्यांचा ठोकळा मधल्या फिरत्या कॅमच्या उंचवट्यावर असताना, फिलर गेजच्या पातळ पट्टीने फट मोजायची असते. या सहा सिलिंडरसाठी ती ०.०२७ इंच ठेवतात. कॅमवर पॉइंटच्या खास ग्रीसचा अगदी लहान ठिपका लावावा, अन्यथा ठोकळा झिजतो, फट कमी होते आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, हळूहळू मागे पडते. याच कारणासाठी फट आधी आणि टायमिंग नंतर लावावे. ही वेळ दाखवणारा टायमिंग लाइट लावताना व्हॅक्यूमची नळी काढून तिचे टोक बंद करावे. प्लगच्या वायरी १-५-३-६-२-४ या क्रमाने बसतात. तो क्रम मी एअर फिल्टरच्या डब्यावर आतून लिहून ठेवला आहे.

एक लक्षण पाठ करून ठेवण्यासारखे आहे. चावी फिरवून धरलेली असताना इंजिन पेट घेते आणि चावी सोडताच बंद पडते. स्टार्टर फिरत असताना ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या कॉइलला बॅटरीचा पूर्ण दाब स्टार्टरच्या रिलेमधून वेगळ्या वायरीने मिळतो, आणि चावी सुटल्यावर तो रोध असलेल्या दुसऱ्या वायरीतून येतो. ही दुसरी वायर तुटली किंवा चावीच्या स्विचचा तो संपर्क गेला की नेमके असे घडते. ज्यांना हे ठाऊक नसते ते स्टार्टर, बॅटरी आणि कॉइल असे तिन्ही बदलून मोकळे होतात.

तेलाबाबत थोडक्यात. या इंजिनाच्या झडपा उघडणाऱ्या कॅमवर सपाट टॅपेट घासत चालतात आणि त्यांना जस्त-फॉस्फरसचे संरक्षण लागते. आधुनिक पेट्रोल गाड्यांच्या हलक्या तेलांत ते कमी केलेले असते, म्हणून जुन्या गाड्यांसाठी बनवलेले तेल घ्यावे. पुढच्या आसांचे किंगपिन, म्हणजे पुढची चाके ज्यांवर वळतात त्या खिळी, ग्रीसवर जगतात. ग्रीसगनने जुने ग्रीस बाहेर येईपर्यंत भरावे. रंगाबद्दल मी काही सांगत नाही, कारण माझी गाडी अजून मूळ, फिकट पडलेल्या रंगातच आहे.

भाग मिळवणे अवघड नाही. कॅन्ससमधील एलएमसी ट्रक आणि नॉर्थ कॅरोलिनातील डेनिस कार्पेंटर यांच्याकडे रबरी पट्ट्यांपासून दारांच्या पत्र्यांपर्यंत बरेच काही मिळते. कागदपत्रांत मिशिगनपुरती एक गोष्ट आधी समजून घ्यावी. किमान २६ वर्षे जुन्या गाडीला ‘हिस्टॉरिक’ नंबर प्लेट स्वस्तात मिळते, पण तिच्यावर गाडी प्रदर्शने, मिरवणुका आणि क्लबच्या कार्यक्रमांनाच नेता येते. ऑगस्ट महिन्यापुरती मात्र एरवीच्या वापराचीही मुभा असते, आणि डेट्रॉइटचा वुडवर्ड ड्रीम क्रूझ हा जुन्या गाड्यांचा मेळाही त्याच महिन्यात असतो. लाकडे, माती किंवा मित्राचा सोफा वाहायचा असेल तर साधीच प्लेट घ्यावी. विमा ‘ठरलेल्या किमतीचा’ घ्यावा, म्हणजे अपघातानंतर घसारा वजा करून हाती चिल्लर येत नाही. गाडी ड्राइव्ह-वेवर नोंदणीविना किंवा बंद अवस्थेत उभी राहिली तर अनेक शहरांचे आणि गृहसंघांचे नियम आड येतात. गाडी चालती ठेवण्याचे हे आणखी एक कारण आहे.

नोव्हेंबरात मीठ पडू लागण्याआधी टाकी काठोकाठ भरून तिच्यात इंधन टिकवणारे रसायन घालावे, इंजिन थोडा वेळ चालवून ते कार्ब्युरेटरपर्यंत जाऊ द्यावे, तेल बदलावे आणि बॅटरीला देखभालीचा चार्जर लावावा. हँडब्रेक ओढून ठेवू नये, शू ड्रमला चिकटतात. चाकांना गुटकेच लावावेत. वसंतात गाडी बाहेर काढताना इंजिन सुरू करण्याआधी ब्रेकचे तेल पाहावे आणि पेडल अर्धा मिनिट दाबून धरावे. ते हळूहळू खाली जात असेल तर गाडी त्या दिवशी गॅरेजबाहेर काढू नये.