बायोगॅस शहराच्या पाइपलाइनमध्ये सोडताना या चुका टाळा

बायोगॅस संयंत्राच्या कमिशनिंगच्या, म्हणजे ते सुरू करण्याच्या, तिसऱ्या दिवशी आमचा आणि गॅस घेणाऱ्यांचा हिशोब साडेपाच टक्क्यांनी जुळेना. मीटर खोलून झाला, गळती शोधून झाली, एकमेकांकडे संशयाने बघूनही झालं. शेवटी कळलं की परदेशी बनावटीचा फ्लो कॉम्प्युटर (वाहत्या गॅसचा हिशोब ठेवणारं यंत्र) शून्य अंश तापमानावरचा घनमीटर मोजत होता, आणि आपल्याकडचा प्रमाण घनमीटर असतो १५ अंशांवरचा. दोन्ही यंत्रं बरोबर होती. रोज ५ टन गॅस काढणाऱ्या संयंत्राचे दिवसाला साधारण ७,००० घनमीटर होतात. त्यात साडेतीनशेहून जास्त घनमीटरचा फरक नुसत्या एककामुळे पडतो.

प्रमाणीकरण म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर एकाच छापाचं स्किड, म्हणजे एका चौकटीवर बसवलेली तयार यंत्रणा, येतं. नवी मुंबईत महापे-रबाळेच्या गाळ्यांत तसं बनवून मिळतंही. पण स्किडच्या आधी सांधे ठरवावेत असं माझं मत आहे: कुठलं एकक, कुठली मर्यादा, नमुना कुठून घ्यायचा, व्हॉल्व्ह बंद करायचा अधिकार कोणाचा. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केलेलं शहरी गॅसमध्ये बायोगॅस मिसळण्याचं बंधन २०२५-२६ ला १ टक्क्यापासून २०२८-२९ ला ५ टक्क्यांपर्यंत जातं. म्हणजे असे सांधे बरेच जोडावे लागणार.

अलार्म कारखान्यातल्या आकड्यावरच सोडणे

आपल्याकडे आयएस १६०८७ या मानकानुसार बायोमिथेनमध्ये (शुद्ध केलेल्या बायोगॅसमध्ये) मिथेन किमान ९० टक्के, ऑक्सिजन जास्तीत जास्त ०.५ टक्के. ब्रिटनमध्ये कमी दाबाच्या वाहिन्यांत ऑक्सिजन १ टक्क्यापर्यंत चालतो. तिथल्यासाठी बांधलेलं स्किड तसंच इथे लावलं, तर ०.८ टक्के ऑक्सिजनला हिरवा दिवा लागतो. अलार्मच्या सगळ्या आकड्यांची एक पानी यादी करा, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, आणि ती पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा.

मिथेन उतरला की लगेच शुद्धीकरणावर खापर फोडणे

आधी कार्बन डायऑक्साइड बघा. तो जागेवर असेल आणि तरी मिथेन कमी असेल, तर बहुधा नायट्रोजन शिरलाय, म्हणजे कुठून तरी हवा. हायड्रोजन सल्फाइड मारायला डायजेस्टरमध्ये (कचरा कुजवून गॅस बनवणाऱ्या टाकीत) थोडी हवा सोडायची सोपी युक्ती सगळ्यांना ठाऊक असते. गॅस तिथेच जाळायचा असेल तर ठीक, पण पाइपलाइनसाठी ती महागात पडते, कारण पाण्याने धुतलं तरी नायट्रोजन निघत नाही. खूण अशी: हवेत नायट्रोजन ऑक्सिजनच्या जवळपास पावणेचार पट असतो. गॅसमध्येही तेच प्रमाण दिसलं तर ब्लोअरच्या ओढीकडचा जोड तपासा. ऑक्सिजन त्याहून खूप कमी असेल तर तो डायजेस्टरमधल्या जिवाणूंनी खाल्लाय, तेव्हा हवेचा पंप बघा. शुद्धीकरणाला मेम्ब्रेन (वायू गाळणारा पडदा) किंवा पीएसए (दाब बदलून वायू वेगळे करणारी पद्धत) असेल तर ही तुलना शुद्धीकरणाच्या आधीच्या गॅसवरच करा, नंतरच्या गॅसमध्ये ती फसवते.

नमुना आणि व्हॉल्व्ह यांत अंतर न ठेवणे

गॅस क्रोमॅटोग्राफला (गॅसमधले घटक मोजणाऱ्या यंत्राला) एका फेरीला काही मिनिटं लागतात. चार मिनिटं धरली, तर त्या ५ टनांच्या संयंत्रातून तेवढ्या वेळात जवळपास २० घनमीटर गॅस पुढे निघून गेलेला असतो. नमुन्याची नळी लांब आणि जाड असेल तर आणखी उशीर. नमुना मागे घ्या, व्हॉल्व्ह पुढे ठेवा, मधली पाइप मुद्दाम लांब करा. वाईट गॅस परत फिरवणारा व्हॉल्व्ह वीज गेली की आपोआप परतीच्या बाजूला पडला पाहिजे. याची चाचणी कागदावर नको, खरोखर मेन स्विच पाडून करा.

वास आहे म्हणून निश्चिंत राहणे

ही चूक मला सगळ्यांत जास्त काळजीची वाटते. मिथेनला स्वतःचा वास नाही, म्हणून त्यात मरकॅप्टन हे उग्र वासाचं द्रव्य (ओडरंट) मिसळतात. वाशीच्या एपीएमसीतल्या फळबाजारासारखा कचरा आला, संत्र्या-मोसंबीची सालं पोत्यांनी आली, की गॅसमध्ये सालीतलं वासाचं द्रव्य, लिमोनीन, उतरतं. ते मरकॅप्टनचा वास झाकतं. डोस बरोबर, पंप बरोबर, तरी स्वयंपाकघरात गळती झाली तर वास ओळखीचा येणार नाही. सक्रिय कोळशाची गाळणी वेळेवर बदला आणि ओडरंटची तपासणी यंत्रासोबत माणसाच्या नाकानेही करा. नाक कोणाचं, हा वाद होतोच. दोन-तीन वेगवेगळ्या माणसांना बोलवा.

बाकी किरकोळ: थंड देशासाठी बनलेल्या ॲनालायझर कॅबिनेटला हीटर असतो, आपल्याला लागतो कूलर. खाडीकाठी साधं स्टील पावसाळ्यात गंजतं. आणि कॅस्केडमधून (सिलिंडरांच्या संचातून) २०० बारचा गॅस आणून एकाच टप्प्यात ४ बारवर उतरवू नका. बारमागे साधारण अर्धा अंश थंडावतो, रेग्युलेटरवर बर्फ चढतो आणि आतलं रबर कडक होतं. टप्पे करा, मध्ये हीटर घ्या.

जोडणी जवळच्याच पाइपला देणे

गेटसमोरून घरगुती जाळ्याची प्लॅस्टिकची पाइप जाते, म्हणून तिथेच जोडायचा मोह होतो. पण डायजेस्टर झोपत नाही, आणि घणसोली-ऐरोलीतल्या शेगड्या रात्री झोपतात. गॅस पाइपमध्ये घुसायला पुढे कोणी तरी तो जाळत असावं लागतं. टीटीसी किंवा तळोज्याच्या औद्योगिक वसाहतींतल्या रात्रपाळी चालणाऱ्या कारखान्यांकडे जाणारी वाहिनी दोन किलोमीटर लांब असली तरी तिचा खर्च आधी काढून बघा. खप विचारताना दिवसाची सरासरी घेऊ नका, पहाटे दोन ते चारचा आकडा मागा, तोही मे महिन्यातल्या रविवारचा. नाहीतर पहाटे तीनला जाळ्यातला दाब वर, व्हॉल्व्ह बंद, आणि मागे फ्लेअर (जादा गॅस जाळणारी मशाल) पेटलेला.