सोसायटीचं सीसीटीव्ही फुटेज कोर्टात टिकेल असं द्यायचं कसं

सोसायटी घोडबंदर रोडची असो की नेरुळची, दुचाकी चोरीला गेली की कोणीतरी मॉनिटरसमोर मोबाइल धरतो आणि क्लिप ग्रुपवर टाकतो. चोर ओळखायला तेवढं पुरतं, पण पुरावा म्हणून नाही. व्हॉट्सॲप व्हिडिओ दाबून लहान करतं, त्यामुळे ती क्लिप मूळ फाइलशी जुळवून दाखवता येत नाही.

पहिली घाई डिस्कची. डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा, भरला की जुन्यावर नवं लिहीत जातो. प्रत्येकी २ एमबीपीएसचे ८ कॅमेरे दिवसाला सुमारे १७० जीबी खातात, म्हणजे १ टीबीची डिस्क सहा दिवसांत भरते. गणपती झाले की बघू म्हणालात, तर बघायला काही उरणार नाही.

मग घड्याळ, आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो. डीव्हीआरच्या आतला सीआर २०३२ सेल संपला असेल, तर लाइट जाऊन आल्यावर वेळ चुकते. ती लगेच दुरुस्त करू नका. मॉनिटरवरची वेळ आणि मोबाइलची नेटवर्कवरची वेळ एकाच फोटोत घ्या आणि ‘डीव्हीआर ११ मिनिटं पुढे’ अशी लेखी नोंद करा. नाहीतर फुटेज आणि आरोपीचं मोबाइल लोकेशन जुळत नाही, आणि बचावाच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. वेळ आधीच बदललीत, तर तो फरक दाखवायचा कशावरून?

आता बॅकअप. रिकामा, फॅट-३२ फॉरमॅटचा पेनड्राइव्ह लावून डीव्हीआरच्या मेनूतूनच फाइल काढा. घटनेच्या आधीचा आणि नंतरचा अर्धा-अर्धा तास घ्या, गेटचा कॅमेरा तर घ्याच. फाइल मूळ फॉरमॅटमध्ये ठेवा, सोबत कंपनीचा प्लेअर द्या. एमपी४ करायचीच असेल तर ती जादा प्रत.

कॉपी झाल्या झाल्या एसएचए-२५६ हॅश, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, काढा. विंडोजमधल्या सर्टयुटिल या कमांडने निघतो. ६४ अक्षरांची ही ओळ फाइलमधला एक बिट हलला तरी पार बदलते. ती कागदावर उतरवा, सही-तारीख टाका.

कायदाही याच दिशेने कडक होत गेला. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने जुन्या पुरावा कायद्यात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं कलम ६५-ब आलं. २०२० मध्ये, जालन्याच्या निवडणुकीवरून गेलेल्या खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रतीसोबत प्रमाणपत्र सक्तीचं असल्याचं पुन्हा स्पष्ट केलं. १ जुलै २०२४ पासून जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. त्यातल्या प्रमाणपत्राच्या नमुन्याचा भाग अ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे तो भरतो, म्हणजे बहुधा सेक्रेटरी. भाग ब तज्ज्ञ भरतो. हॅश दोन्हीत लागतो. सीसीटीव्हीवाल्याला ‘तज्ज्ञ’ म्हणून सही करायला लावू नका, तपास अधिकाऱ्याला विचारा.

पोलीस डीव्हीआरच नेत असतील, तर मेनूतून शटडाउन करा; थेट प्लग ओढला तर शेवटची फाइल अर्धवट राहू शकते. पंचनाम्यात डीव्हीआरचा आणि आतल्या डिस्कचा, दोन्ही सिरियल नंबर आलेत का पाहा. बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या) कलम १०५ प्रमाणे जप्तीचं चित्रीकरण व्हायला हवं. फुटेज डिलीट झालं असेल, तर कोणालाही रिकव्हरी सॉफ्टवेअर चालवू देऊ नका. डीव्हीआर बंद ठेवून पोलिसांकडे द्या. त्यांच्यामार्फत डिस्क न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जाईल. पोच मात्र त्याच दिवशी घ्या, आणि पासवर्ड लेखी द्या.