घरं कोणी निवडली?

माझं पहिलं मूल्यमापन नंदुरबारच्या धडगाव तालुक्यात. एका संस्थेने पाड्यांवर पाण्याचे फिल्टर वाटले होते, ते उपयोगी पडतात का ते बघायचं होतं. शहाद्याहून न्यायला जीप त्यांचीच, वाट दाखवणारा कार्यकर्ता त्यांचाच. पहिल्या सहाही घरांत फिल्टर धुऊन-पुसून ठेवलेले. सातवं घर पाऊण तास चढावर होतं. "तिथे कोणी नसतं, दादा," कार्यकर्ता म्हणाला. मी हट्टाने गेलो. मावशी घरीच होत्या. फिल्टरही होता, घट्ट झाकण लावून. आत मक्याचं बियाणं. दुभाष्याने विचारलं तर म्हणाल्या, यात उंदीर शिरत नाही. पाण्याचं काय? घागरभर पाणी उतरायला अर्धी सकाळ जाते, तोवर पोरांनी प्यायचं काय?

तेव्हापासून लाभार्थ्यांची पूर्ण यादी आधी मागतो, चिठ्ठ्या टाकून घरं मीच निवडतो, आणि जीपचं भाडं आमच्या खर्चात धरतो. करारात एक ओळ हवीच: निष्कर्ष काहीही निघोत, अहवालात फेरफार करायचा अधिकार संस्थेला नाही. त्या ओळीवरून दोन कामं हातची गेली. गेली तर गेली.

दुसरी चूक मात्र पूर्णपणे माझी. पहिली पाहणी जुलैत केली, दुसरी जानेवारीत. मुलांचे जुलाब चांगलेच घटलेले दिसले आणि मी खुशीत अहवाल लिहून टाकला. आमच्या वरिष्ठ बाईंनी तो वाचून एवढंच विचारलं, "ज्या पाड्यांना फिल्टर मिळाला नाही, तिथे जानेवारीत काय होतं?" मी तिथे गेलोच नव्हतो. पावसाळ्यात झिऱ्याचं, म्हणजे झऱ्याच्या खड्ड्याचं पाणी गढूळ होतं, सगळी घाण वाहून त्यात येते; थंडीत जुलाब तसेही उतरतात. शिवाय दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला गुजरातेत गेलेली. जी मागे राहिली त्यांच्यावरून गेलेल्यांचं काय सांगणार? आता दोन्ही फेऱ्या पावसाळ्यातच करतो, आणि फिल्टर न मिळालेले, बाकी सगळं सारखं असलेले पाडेही मोजतो. (होळीला सगळे परततात, घरं भरलेली असतात, पण त्या दिवसांत प्रश्नावली घेऊन जाऊ नका. तुमच्याशी बोलायला कोणाला वेळ नसतो, आणि नसावाच.)

प्रश्न कसा विचारता यावर आकडा फिरतो. "बाळ आजारी होतं का?" असं विचारलं की आई नाही म्हणते, कारण दात येतानाची हगवण ती आजारात धरतच नाही. म्हणून विचारायचं, गेल्या सात दिवसांत कधी एका दिवसात तीन किंवा जास्त वेळा पातळ शी झाली का? तरी माणसं समोरच्याला बरं वाटेल असं बोलतातच. ओडिशातला 2013 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास जरूर वाचा. निम्म्या घरांना क्लोरीनच्या खऱ्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना नकली. कोणाकडे कुठल्या हे घरच्यांनाही ठाऊक नाही, विचारणाऱ्यांनाही नाही. जुलाबात फरक दिसला नाही. मग शुद्ध पाण्यात दम नाही म्हणायचं का? मायकेल क्रेमर, ज्यांना 2019 चं अर्थशास्त्राचं नोबेल विभागून मिळालं, त्यांनी सहकाऱ्यांसह अनेक चाचण्या एकत्र मांडल्या. त्यात पाणी शुद्ध केल्याने पाच वर्षांखालच्या मुलांचे मृत्यू पाव हिश्श्याच्या आसपास कमी झालेले दिसतात. मला या दोन्हींत फारसा विरोधाभास वाटत नाही. ओडिशात खऱ्या गोळ्या दिलेल्या घरांतही क्लोरीन सापडलं ते जेमतेम एक तृतीयांश वेळा. वस्तू वाटली जाणं आणि वापरली जाणं, या दोहोंच्या मधे ती बियाणंवाली मावशी उभी आहे.

म्हणून मी जुलाबाआधी पाणी तपासतो, आणि तेही नळाचं नाही, मडक्यातलं. जलसुरक्षकाने (गावातलं पाणी शुद्ध ठेवायचं काम असलेला माणूस) विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर नेमाने टाकली असली तरी मडक्यापर्यंत क्लोरीन पोचेलच असं नाही. लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम शिल्लक हवं. ओटीचे (ऑर्थोटोलिडीन हे तपासणीचं रसायन) थेंब टाकले की क्लोरीन असलेलं पाणी पिवळं होतं. नाही झालं तर क्लोरीन संपलंय. जंतूंसाठी एच-टू-एसची बाटली, म्हणजे जंतू असले की आत काळा रंग येणारी तपासणीची बाटली: खुणेपर्यंत पाणी भरायचं, 24 ते 48 तास ठेवायची, काळी पडली तर पाणी दूषित.

या कामासाठी शिकायचं काय, असं मुलं विचारतात. संख्याशास्त्र थोडं, एक्सेल नीट, मोबाइलवर फॉर्म भरायला कोबो नावाचं ॲप, ते फुकट आहे. समाजकार्याची पदवी असो की अर्थशास्त्राची, चालतं. अहिराणी येत असेल तर तापीकाठच्या गावांत "बरं शे ना?" म्हणताच ओटा मोकळा होतो, सातपुड्यात वर गेलात की तिचा उपयोग नाही, तिथे पावरी किंवा भिली बोलणारी स्थानिक मुलगी सोबत घ्या आणि तिला तुमच्याइतकाच रोज द्या.

आणि एच-टू-एसच्या बाटल्या लॉजच्या खिडकीत ठेवू नका. माझ्या बावीस काळ्या-पांढऱ्या बाटल्या सफाईवाल्या पोऱ्याने नासलेलं औषध समजून सकाळीच फेकून दिल्या. नोंद अजून केली नव्हती. बावीस घरं पुन्हा चढलो.