आईच्या नव्या कवळीचा पहिला महिना

आईला बहात्तराव्या वर्षी वर-खाली पूर्ण कवळी बसवली. पहिले काही दिवस तोंडात सारखी लाळ सुटते, जीभ अडखळते. घाबरू नका, ते ओसरतं. आई रोज सकाळी हरिपाठ मोठ्याने म्हणायची. 'स' आणि 'फ' त्यानेच सुधारले.

खाणं मऊ भात-वरणापासून सुरू करा. भाकरी दुधात कुस्करून, घास लहान, आणि दोन्ही बाजूंनी चावायचा. एकाच बाजूने चावलं की कवळी दुसरीकडून उचलली जाते. पेरू पुढच्या दातांनी तोडायचा नाही, फोडी करायच्या.

धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा किंवा खाली टॉवेल अंथरा. ओल्या हातातून कवळी निसटते आणि फुटते. मऊ ब्रश, साधा साबण पुरे. टूथपेस्टने कवळीच्या ॲक्रिलिकवर, म्हणजे प्लास्टिकवर, ओरखडे पडतात. उकळतं पाणी तर मुळीच नको, आकार बिघडतो. रात्री काढून साध्या पाण्यात ठेवा, हिरड्यांना विश्रांती हवी.

कुठे टोचलं तर कानशीने घासू नका, ही कळकळीची विनंती. दवाखान्यात जाण्याआधीच्या दिवशी थोडा वेळ कवळी घालून ठेवा, म्हणजे डॉक्टरांना लाल झालेली नेमकी जागा दिसते. आईचं दोन फेऱ्यांत भागलं.

खालची कवळी वरच्यापेक्षा जास्त हलते, कारण तिला टाळूचा आधार नसतो आणि जीभ ढकलत राहते. फारच त्रास झाला तर खालच्या जबड्याच्या हाडात २ इम्प्लांट, म्हणजे छोटे स्क्रू, बसवून त्यांवर कवळी अडकवता येते. त्याबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा.